डावा हात थांबता कामा नये

३ फेब्रुवारी

जाड्या सोडून गेला. अंगानं काडी आहे, पण जाड तारांची बास गिटार वाजवतो म्हणून सगळे त्याला जाड्या म्हणतात. हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये, खांबाशेजारच्या चौथऱ्यावर आम्ही दोघं चौदा वर्षं संध्याकाळी वाजवत आलो. माझी वरची चाल, त्याचा खालचा खर्ज. लोक जेवतात, आम्ही वाजवतो, कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात. आज त्यानं वाद्य पेटीत ठेवलं आणि म्हणाला, "उद्यापासून मी नाही." कारण विचारलं तर म्हणे, "तुला कारण कळलं असतं तर मी गेलोच नसतो." असलं कोड्यातलं बोलणं मला झेपत नाही.

मॅनेजर म्हणाला, "खर्ज नसला की हॉल पोकळ वाटतो. मार्चअखेरपर्यंत थांबतो. दुसरा माणूस आणा, नाहीतर एकट्यानं दोन्ही करून दाखवा. नाहीच जमलं तर आपलं स्पीकरवर लावून टाकू." दुसरा माणूस मला नकोच आहे. पुन्हा कुणाला तरी शिकवा, त्याचे रुसवेफुगवे काढा, आणि एक दिवस त्यानं पेटी बंद करून चालू लागायचं.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. हिनं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाली, "मलाही एक सांगायचंय. पण राहू दे, नंतर सांगते." बरं झालं. आज डोकं ठिकाणावर नव्हतं.

८ फेब्रुवारी

वाद्य आणलं. माझ्या दोन्ही गिटारी देऊन बदल्यात आणलं, म्हणजे परतीचे दोर मीच कापले. देणारे गृहस्थ म्हातारे आहेत, आयुष्यभर प्रवासी जहाजांवर वाजवायचे. मी त्यांना मास्तर म्हणायला लागलोय.

दिसायला नुसती फळी. गिटारला पोट असतं, ह्याला पोटच नाही. फक्त लांब मान आणि तिच्यावर बारा तारा. एक आकडा कमरेच्या पट्ट्यात अडकवायचा, दुसरा पट्टा खांद्यावरून घ्यायचा आणि फळी अंगासमोर उभी धरायची. तारा छेडायच्या नाहीत. मानेवरच्या धातूच्या पट्टीमागे तारेवर बोट आपटलं की स्वर उमटतो. म्हणजे एका स्वराला एकच हात पुरतो आणि दुसरा मोकळा राहतो. डाव्याकडे खर्जाच्या तारा, उजव्याकडे वरच्या. मास्तरांनी वाजवून दाखवलं तेव्हा त्यांच्या मागे कुणी बसलंय का, म्हणून मी वाकून पाहिलं.

हिनं दारातच विचारलं, "गिटारी कुठायत?" सांगितलं. ही बराच वेळ फळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बारा दोऱ्या आहेत. कपडे तरी वाळत घालता येतील." दोघंही हसलो. तिला काय सांगायचं होतं ते विचारायचं माझ्या लक्षात होतं, पण तेवढ्यात पट्टा खांद्यावरून घसरायला लागला आणि राहून गेलं.

१३ फेब्रुवारी

जमत नाही. एकेक हात सुटा सुटा झकास चालतो. दोन्ही एकत्र आले की उजवा करतो तेच डावा करतो. शाळेच्या बाकावरचं पोरगं शेजाऱ्याची वही बघून उतरवतं ना, तसं. डाव्याला दामटून वेगळं करायला लावलं तर उजवा मूग गिळून बसतो. सकाळपासून दुपारपर्यंत बसलो, एक ओळ सरळ गेली नाही. बोटांची टोकं दुखतायत ती वेगळीच.

ही दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. हत्यारं हातात द्यायची, तोंडातली नळी धरायची आणि रोग्याला बोलण्यात गुंतवायचं. "दिवसभर तोंडात कापूस कोंबलेल्या माणसांशी बोलते," असं ती नेहमी म्हणते. "घरी आल्यावर फरक जाणवत नाही." विनोद जुनाच आहे. आज मी हसलो नाही, तर म्हणाली, "बघ, कापूस."

२० फेब्रुवारी

मास्तरांकडे जाऊन रडगाणं गायलो. त्यांनी माझा डावा हात पाहिला आणि म्हणाले, "हा अजून तुमच्या डोक्यात बसलाय. त्याला तिथून हाकला."

"कसा?"

"डाव्यानं एक छोटं आवर्तन धरायचं. तेच तेच, थांबायचं नाही. आणि ते चालू असताना कुणाशी तरी बोलायचं. पाढे म्हणून चालणार नाही, पाठ केलेलं काही नको. खरं बोलणं हवं. समोरच्यानं विचारायचं, तुम्ही उत्तर द्यायचं. डावा हात थांबता कामा नये. ज्या दिवशी कुठल्याही प्रश्नाला उत्तर द्याल आणि हात चालू राहील, त्या दिवशी तो सुटा झाला समजा. मग उजव्यानं काय हवं ते करा."

"तुम्ही कुणाशी बोलायचात?"

"बायकोशी. तिनंच माझा हात तयार केला." असं म्हणून ते चहा करायला उठले. घरात कप एकच होता, म्हणून मला पाण्याच्या पेल्यात चहा मिळाला. कलावंत माणूस, संसाराकडे लक्ष नसायचंच.

२२ फेब्रुवारी

हिला सांगितलं, रोज संध्याकाळी मी हॉटेलला निघायच्या आधी माझ्यासमोर बसून बोलायचं. मला वाटलं कुरकुर करेल. ही तर खूशच झाली. दवाखान्याचे कपडे बदलून, तोंड धुऊन, स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. "काय बोलू?" म्हणाली. मी म्हटलं, "काहीही, फक्त विचारत राहा."

आधी दवाखान्यातल्या गमती झाल्या. एका आजोबांनी डॉक्टरांचं बोट चावलं आणि वर त्यांनाच विचारलं, "दुखलं का?" तोवर हात चालला. मग हिनं विचारलं, "हे घर बघायला आलो तेव्हा मी जिन्यात का रडले, माहितीय तुला?"

हात थांबला. मला खरंच माहीत नव्हतं. "का?" मी विचारलं.

"आतल्या खोलीच्या चौकटीवर आधीच्या भाडेकरूंनी पोराची उंची मोजून रेघा मारल्या होत्या. म्हटलं, आपणही मारू." मग म्हणाली, "रंगवताना तू त्या बुजवल्यास. तुला दिसल्याच नसतील."

डावा हात तारांवर पडून होता. ही त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "थांबला बघ!" जणू काही हिनं पैज जिंकली. मी चिडलो. म्हटलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे, मी रोजीरोटीसाठी करतोय हे. पण मी रात्री परतलो तरी ही खुशीतच होती.

१ मार्च

हॉलमध्ये सध्या मास्तरांकडून मागून आणलेल्या गिटारवर एकटाच वरची चाल वाजवतो. मॅनेजर लांबून बघतो.

ही आता रोज वेळेआधी घरी येते. आज केस विंचरून बसली होती. म्हणाली, डॉक्टर दवाखाना दुसऱ्या शहरात हलवतायत, मुलीजवळ. हिला बरोबर चला म्हणतायत. दवाखान्यावरच राहायला खोली आहे, दोघांना पुरेल अशी. महिनाअखेर निघायचंय. "हेच सांगायचं होतं मला," ती म्हणाली, "जाड्या गेला त्या दिवशी."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं. हात थांबला.

"घरी विचारते म्हटलं."

मी म्हटलं, "बघू. माझं एकदा मार्गी लागू दे."

"बघू म्हणजे काय?"

तोवर मी पुन्हा आवर्तन धरलं होतं. ह्या असल्या प्रश्नांनी हात थांबतो, हे माझ्या लक्षात आलंय. चावऱ्या आजोबांनी थांबत नाही.

९ मार्च

रस्त्यात जाड्या भेटला. गाडी चालवायला शिकवतो आता. शिकाऊ बाई स्टिअरिंगमागे घामाघूम, आणि हा शेजारी हाताची घडी घालून निवांत. सिग्नलला काच खाली केली. मी म्हटलं, "काय रे, ह्यासाठी सोडलंस?"

"इथं शेजारी बसलेला माणूस माझं ऐकतो," तो म्हणाला. "नाही ऐकलं तर गाडी खांबावर जाते."

"मी कधी ऐकलं नाही तुझं?"

"तू एकदा सांग, मी शेवटच्या वर्षी सगळ्या गाण्यांचा खर्ज बदलला होता ते तुला कळलं होतं का?"

मागची गाडी भोंगा वाजवायला लागली म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. कळलं नव्हतं. पण त्याचा अर्थ इतकाच की त्यानं चांगला बदलला असणार. वाईट असता तर खटकला असता. हे त्याला कळायला नको?

१२ मार्च

काही होणार नाही माझ्याच्यानं. हाताला वळण लागायचं वय गेलं. आज हिनं फक्त विचारलं, "तू येशील का रे तिकडे?" आणि हात जो थांबला तो पुन्हा लागेचना. तिथं येऊन मी काय करू? तिथल्या हॉटेलांना काय माझी वाट बघून डोळे शिणलेत? हे तिला म्हटलंही. ती म्हणाली, "मग मी नको जाऊ का?" मी म्हटलं, "आत्ता हे नको ना. हात बघ, गेला." ती हाताकडे बघून हसली. मला हे हसणं कळत नाही. माझी मुदत सरत आलीय, आणि हिला गंमत वाटते.

जाड्याशिवाय मी कोण, हा प्रश्न हल्ली आंघोळ करताना पडतो. पूर्वी पडायचाच नाही.

१५ मार्च

सापडलं! कुणाला सांगणार नाही, इथंच लिहून ठेवतो.

आजवर मी मूर्खासारखा तिचे शब्द ऐकत होतो. शब्द ऐकले की अर्थ डोक्यात शिरतो, आणि अर्थ शिरला की हात थांबतो. आज मी शब्द सोडून दिले आणि नुसती चाल ऐकली. बोलण्याला चाल असतेच की! वाक्य शेवटी वर गेलं की प्रश्न, मग "हो" म्हणायचं. खाली आलं की "बरं". मध्येच लोंबकळत राहिलं की "मग?" आवाज हलला की "हं". एवढ्या चार उत्तरांत माणसाचं सगळं बोलणं बसतं. मी कान तयार केलेला माणूस, इतकी वर्षं लोकांच्या जेवणाच्या गडबडीत वाजवलेला. हे मला आधी कसं सुचलं नाही?

हात आज बराच वेळ चालला. उजव्यानं मध्ये दोन-चार स्वरही टाकले. शेवटी हिनं विचारलं, "ऐकतोयस ना?" चाल वर गेली, मी "हो" म्हटलं. खोटं कुठं होतं?

१९ मार्च

आजचा दिवस सोन्याचा. निघायची वेळ होईपर्यंत ही बोलत होती आणि डावा हात एकदाही चुकला नाही.

सुरुवात मधल्या पट्टीत झाली, मग हळूहळू खाली. मध्ये एकच ओळ फिरून फिरून येत होती, तिला मी दर वेळी "बरं" दिलं. दोन ठिकाणी आवाज फाटला, तिथं "हं". ही माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, सारखं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे. म्हणजे तिलाही आता ह्यात रस यायला लागलाय. मला बरं वाटलं, कारण घरातल्या माणसाचा पाठिंबा असला की निम्मं काम होतं. शेवटचं वाक्य वर गेलं आणि वरच राहिलं. मी "हो" म्हटलं. उजव्या हातानं तेव्हा अख्खी चाल धरली होती, पहिल्यांदाच, आणि डावा खाली बिनघोर चालला होता. मला ओरडावंसं वाटत होतं.

ती थोडा वेळ तशीच बसली. मग उठून स्टूल जागेवर ठेवलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "छान वाजवलंस," म्हणाली. कितीतरी दिवसांनी हिनं माझं कौतुक केलं.

२२ मार्च

ही बॅग भरतेय. मी विचारलं, कुठं? तर माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी दुसऱ्याच्या घरात शिरलोय. "गुरुवारी विचारलं ना तुला? तू हो म्हणालास."

आता काय बोलणार? ऐकलं नाही म्हटलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. चार उत्तरांचं, चालीचं, सगळं. मी म्हटलं, "हो हो, लक्षात आहे." दवाखान्याचं सामान लावून द्यायला जात असेल. डॉक्टरांचं हिच्यावाचून पान हलत नाही, तिकडची घडी बसेपर्यंत थांबेल आणि येईल. तोवर माझीही मॅनेजरसमोरची चाचणी होऊन जाईल. शांतपणे सराव करता येईल, हे एका अर्थी बरंच झालं.

बॅगेत जाड कोट होता. हिच्या वडिलांचा फोटोही भिंतीवरून काढून टॉवेलात गुंडाळलेला दिसला. चार दिवसांसाठी फोटो कशाला, असं वाटलं. पण बायकांचं सामान भरणं आपल्याला कधी कळलंय?

२३ मार्च

बसस्टँडवर सोडून आलो. मेव्हणी आली होती, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती आधीपासूनच खडूस आहे. बस हलताना हिनं खिडकीतून विचारलं, "अजून काही म्हणायचंय?" मी म्हटलं, "पोचलीस की फोन कर." ती "बरं" म्हणाली.

२६ मार्च

कळत नाही काय झालंय.

हात चालत नाही. घरात चिटपाखरू नाही, शांतता अशी की नळाचं पाणी ठिबकलेलं ऐकू येतं, म्हणजे सरावाला ह्याहून चांगलं काय? पण आवर्तन धरलं की डावा जरा वेळानं बावरतो आणि थांबतो. कुणाला तरी शोधतोय असं वाटतं. रेडिओ लावला. बातम्या देणारी बाई छान बोलते, पण ती मला काही विचारत नाही आणि उत्तरासाठी थांबत नाही. हात तिला भीक घालत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींना वर बोलावलं, म्हटलं बसा, बोला. त्या बिचाऱ्या फळीकडे बघत म्हणाल्या, "सूनबाई कुठंय?" आणि मग जिना उतरून गेल्या.

मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बायको कुठं गेलीय?" मी म्हटलं, "दवाखाना लावायला, येईल." त्यांनी कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "माझीही येणार होती." आणि फोन ठेवला. मी पुन्हा केला, उचलला नाही.

संध्याकाळी स्टूल ओढून समोर ठेवलं. रिकामं. थोडा वेळ बरा गेला, मग स्टूलकडे बघवेना.

हिचा पोचल्याचा निरोप मेव्हणीमार्फत आला. माझ्या फोनला उत्तर नाही. नवीन ठिकाण आहे, गडबड असेल.

२८ मार्च

चाचणी झाली. दुपारची वेळ, हॉल रिकामा, खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. एक माणूस फरशी पुसत होता, तोही मॅनेजरनं हात केल्यावर थांबला. एवढी शांतता मी त्या हॉलमध्ये कधी अनुभवली नव्हती. आकडा पट्ट्यात अडकवला, आवर्तन धरलं, उजव्यानं चाल उचलली, आणि डावा गेला. पुन्हा धरलं, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा उजवाच डाव्याच्या मागे जाऊन तेच वाजवायला लागला. पहिल्या दिवसासारखं. चौदा वर्षं ज्या चौथऱ्यावर उभा राहिलो तिथं मला घाम पुसायला रुमाल सापडेना.

मॅनेजर जवळ आला. "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणाला. ह्या प्रश्नाचं आणि वाजवण्याचं काय नातं? मी "हो" म्हटलं. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी या पुन्हा. शेवटचं. त्यानंतर माझ्या हातात नाही."

फरशी पुसणाऱ्यानं मला दार उघडून दिलं. कीव केलेली मला कळते.

२९ मार्च

आज रविवार. उद्या शेवटचं. सकाळपासून फळीला हात लावला नव्हता. दुपारी तिला फोन लावला. आज उचलला.

मी म्हटलं, "डावा हात चालत नाही गं तू गेल्यापासून. तुझ्यावाचून चालतच नाही."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तिनं हळूच विचारलं, "म्हणजे?"

त्या एका शब्दात किती काय होतं, ते मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी घाईत होतो. म्हणालो, "म्हणजे समोर तू बोलत असलीस की चालतो. सवय लागलीय त्याला. उद्या चाचणी आहे. फोन स्पीकरवर ठेवतो, तू फक्त बोल. काहीही बोल."

ती काही बोलेना. ठेवला वाटतं, म्हणून मी "हॅलो" म्हटलं. ती म्हणाली, "आहे. घे, धर तुझं आवर्तन."

मी फोन स्टूलवर ठेवला आणि धरलं. ती बोलायला लागली. खोलीची खिडकी मोठी आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डॉक्टर नवीन खुर्चीवर बसून स्वतःच घाबरले. मी ह्या वेळी चार उत्तरांचा खेळ केला नाही. एकेक शब्द ऐकत होतो. उद्याची भीती असेल किंवा तिचा आवाज इतक्या दिवसांनी घरात आला म्हणून असेल. हात छान चालला होता. उजव्यानं चाल उचलली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "रागवू नकोस."

"सांग."

"तू पहिल्या दिवशी वाजवताना थांबलास ना, जिन्याचं विचारलं तेव्हा? मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, आपण काही बोललो की ह्याचा हात थांबतो, म्हणजे अजून पोचतं आत. म्हणून मी रोज लवकर यायचे. तुला काहीतरी असं विचारायचे की हात थांबेल. थांबायचाही. तू चिडायचास आणि मी खूश व्हायचे."

मी "मग?" म्हटलं. खरंच विचारलं, खेळ म्हणून नाही.

"मग एके दिवशी थांबेनासा झाला. मला वाटलं, एखादा दिवस असेल. गुरुवारी मी ठरवूनच बसले. सगळं सांगायचं, आणि तुझा हात एकदा जरी थांबला, एकदाच, तर डॉक्टरांना नाही म्हणून कळवायचं. तुझं हॉटेल असो, नसो, तिथंच राहायचं. मी तुला सांगितलं, मला एकटीला जायचं नाहीये. पुन्हा पुन्हा सांगितलं, मला थांबव म्हणून. तू बरं म्हणालास. मी रडले, तू हं म्हणालास. शेवटी विचारलं, मी कायमची गेले तरी चालेल तुला?"

तिनं पुढचं सांगितलं नाही. गरज नव्हती.

मी तिचा शब्द न् शब्द ऐकला. डोळ्यांपुढे तारा दिसेनाशा झाल्या. आणि डावा हात चालला होता. मला तो थांबायला हवा होता. आयुष्यात मला दुसरं काही इतकं हवं नव्हतं. मी मनात म्हटलं, थांब, आता तरी थांब, तिला ऐकू जाऊ दे. तो थांबला नाही. एक स्वर इकडचा तिकडं झाला नाही. वर उजवा हातही आपल्या वाटेनं निघाला होता, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि माझा दोघांशी.

"चालू आहे ना अजून?" तिनं विचारलं. "ऐकू येतंय मला."

"हो," मी म्हटलं.

"मग जमलं तुला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो. थोडा वेळ तिनं तसंच ऐकलं, आणि फोन ठेवला.

खोलीत कुणी बोलत नव्हतं, तरी तो चालूच होता. मी उजवा हात तारांवरून काढला आणि डाव्याचं मनगट घट्ट धरलं, तेव्हा कुठं थांबला.